रोमन सोन्याची नाणी: छाप्याला बादशहा, काट्याला देव

सोनेतारण_निवृत्त

मंडळी, मुलीकडे लंडनला गेलो होतो, त्यातली एक अख्खी दुपार ब्रिटिश म्युझियमच्या ६८ नंबरच्या खोलीत गेली. पैशांची खोली आहे ती. मुलगी-जावई ममी बघून येतो म्हणून गेले आणि दीड तासाने परत आले तरी मी त्याच काचेपुढे. जन्मभर बँकेत सोनेतारण केलं, पाटल्या, गोफ, चपलाहार, सगळं हाताखालून गेलं, सोनं काळं पडत नाही हे मला कुणी शिकवायची गरज नाही, तरी दोन हजार वर्षांचं नाणं काल टांकसाळीतून आल्यासारखं पिवळंधमक दिसलं आणि डोळ्यांना पटेना.

ऑरियस म्हणजे रोमन मोहोर. आपल्या आत्ताच्या रुपयाएवढी किंवा जराशी लहान, एकोणीस-वीस मिलिमीटर, पण वजन रुपयाच्या दुपटीपेक्षा जास्त. ऑगस्टसच्या वेळी पावणेआठ ग्रॅम आणि सोनं जवळजवळ चोख. आपल्या आजी-पणजीकडची गिन्नी आठवा, साधारण तेवढंच वजन, फक्त गिन्नी २२ कॅरेटची. एका ऑरियसचे चांदीचे २५ डिनेरियस. साध्या शिपायाला तेव्हा वर्षाला २२५ डिनेरियस, म्हणजे नऊ मोहरांचा पगार, तोही तीन हप्त्यांत. पुढे डोमिशियन बादशहाने चौथा हप्ता वाढवून बारा मोहरा केल्या (पगारवाढ दिली की सैन्य खूश, हे तेव्हापासून आहे).

तर मला चेहऱ्यांपेक्षा मागच्या बाजू बघायला मजा आली. पुढे बादशहा, मागे कुठला तरी देव नाहीतर देवी, कुणी पंखवाली, कुणी हातात तराजू घेतलेली, कुणी वज्र घेऊन बसलेला. मग पुढच्या काचेत बघतो तर बादशहानेच सिंहाचं कातडं पांघरलंय आणि देव होऊन बसलाय. हे नक्की काय चाललं होतं? जाणकारांनी सांगावं. आणि एक गोष्ट मुद्दाम शेवटी विचारतो, भारतात सापडलेल्या काही नाण्यांवर बादशहाच्या डोक्यावर छिन्नीचा आडवा घाव आहे. त्याबद्दल माझं एक मत आहे पण आधी तुमचं ऐकतो.

पुभाप्र_फक्त

वाचतोय.

नाणेघाटी

काका, मस्त धागा. आधी एक, राजा म्हटलं नाहीत ते बरं केलंत, कारण रोमन माणसाला राजा हा शब्द शिवीसारखा. सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला ज्युलियस सीझरने स्वतःचा चेहरा चांदीच्या डिनेरियसवर आणला. तोवर रोमच्या नाण्यांवर देव, देवी, फार तर कुणाचा तरी मेलेला पूर्वज. जिवंत माणूस नाही. आणि १५ मार्चला खून. नुसत्या नाण्यापायी झाला असं नाही, पण लोकांच्या डोळ्यांवर आलेल्या गोष्टींत हीही होती.

आता गंमत बघा. खून करणारा ब्रूटस, म्हणजे एकाच माणसाच्या हातात सगळं नको म्हणणारा, त्याने दोन वर्षांनी सैन्याला पगार द्यायला नाणी पाडली त्यावर कुणाचा चेहरा? स्वतःचा! मागे दोन खंजीर, मध्ये गुलामाला मुक्त करताना घालतात ती टोपी, आणि खाली तारीख, १५ मार्च. खुनाची तारीख नाण्यावर, अभिमानाने. चांदीतली बरीच आहेत, सोन्यातली माहितीत असलेली तीनच. त्यातल्या एकाला चक्क भोक पाडलेलं आहे, म्हणजे कुणीतरी ते गळ्यात घालून फिरत होतं. दुसरं एक २०२० साली लंडनच्या लिलावात बत्तीस लाख पौंडांवर गेलं, मग त्याची कागदपत्रं बनावट निघाली आणि २०२३ ला ते ग्रीसला परत करावं लागलं.

देवाचं म्हणाल तर ती चाल ऑक्टेव्हियनची, म्हणजे पुढचा ऑगस्टस. इ.स.पू. ४२ मध्ये सिनेटने, म्हणजे रोमच्या ज्येष्ठांच्या सभेने, मेलेल्या सीझरला देव जाहीर केलं. ऑक्टेव्हियन त्याच्या भाचीचा मुलगा, मृत्युपत्रातून दत्तक. आता बाप देव झाला म्हटल्यावर दत्तक मुलगा कोण? नाण्यावर नावापुढे दोनच शब्द, ‘दिवी फिलियस’, देवाचा मुलगा. स्वतःला देव म्हणायचं नाही, राजा म्हणायचं नाही, नुसतं वडिलांचं नाव सांगायचं. दत्तकविधानाचा एवढा उपयोग आपल्याकडच्या संस्थानिकांनाही झाला नसेल.

कडू_कारलं

थोडक्यात चौकातला फ्लेक्स. वर मोठे साहेब, खाली ‘भावी’ साहेब, कोपऱ्यात देव. दोन हजार वर्षांत काय बदललं? उगाच धर्म, प्रतीक वगैरे म्हणून त्याला भाव द्यायचा.

नाणेघाटी

@कडू_कारलं, फ्लेक्स म्हणा हवं तर, पण फ्लेक्सवर भाजी मिळत नाही. हे हातात घेऊन मोजायला लागायचं, वजन करायला लागायचं, आणि ज्याने छापलंय त्याच्यावर विश्वास असो नसो, सोनं सोनंच. एक मान्य करतो, बाजारातला माणूस मागची देवी कोणती हे निरखून बघत असेल याची मला खात्री नाही. आपण तरी नोटेच्या मागे काय आहे ते न बघता सांगू शकतो का? पण सरदार, सैन्यातले अधिकारी, ज्यांच्या हातात सोनं पडायचं, ते बघत असणार. सोन्याचं नाणं मुळात त्यांच्यासाठीच.

नीरोचं उदाहरण घ्या. इ.स. ६५ मध्ये त्याला मारायचा पिसो नावाच्या सरदाराचा कट फुटला. त्यानंतर त्याच्या मोहरांवर कोण येतं? सिंहासनावर बसलेला ज्युपिटर, रोमन देवांचा राजा, शेजारी अक्षरं, ‘युप्पिटर कुस्टोस’, रक्षणकर्ता ज्युपिटर. म्हणजे मला मारायला आलात पण थोरल्यांचा हात आहे डोक्यावर, असा सरळ निरोप.

सोनेतारण_निवृत्त

अहो पण याच नीरोने वजनात मारलं ना? मी तिथल्या पाटीवर वाचलं, आधी एका रोमन रत्तलात (पौंडात) चाळीसच्या आसपास मोहरा पाडायचे, याने ६४ साली पंचेचाळीस केल्या. पावणेआठचं सव्वासात झालं. देव छापला आणि अर्धा ग्रॅम काढून घेतला! आमच्याकडे असा दागिना आला असता तर मी काटा दोनदा शून्यावर आणून बघितला असता.

नाणेघाटी

😀 आणि तो उतार थांबलाच नाही. काराकल्लाने रत्तलाला पन्नास केल्या, पुढच्या धामधुमीत तर एकाच बादशहाच्या दोन मोहरांचं वजन जुळत नाही. डायोक्लेशियनने साठवर आणून जरा शिस्त लावली. शेवटी कॉन्स्टंटाइनने नवीन नाणं काढलं, सॉलिडस, रत्तलाला बहात्तर, साडेचार ग्रॅम, आणि ते मात्र सातशे वर्षं टिकलं.

मोझेलकाठची_मावशी

सॉलिडसचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं, कारण ते पहिल्यांदा पाडलं ते आमच्या जर्मनीतल्या ट्रिअरला, साधारण ३०९-३१० मध्ये 🙂 मी इथून पाऊण तासावर राहते आणि पाहुणे आले की त्यांना तिथल्या म्युझियममध्ये नेणं हे माझं ठरलेलं काम, त्यामुळे तो सोन्याचा ढीग मी सात-आठ वेळा तरी बघितलाय. ढीगच म्हणायचं. १९९३ मध्ये पार्किंगसाठी खोदत होते, खोदयंत्राचा दात एका ब्राँझच्या भांड्याला लागला आणि आतून मोहरा, अडीच हजारांच्या वर, साडेअठरा किलो सोनं. बहुतेक नीरोपासून पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या. २०१९ मध्ये चोर आत घुसले होते पण जाड काच काही फुटली नाही त्यांच्याच्याने.

मधोमध गोल पेटी आहे आणि तुम्ही भोवती फिरायचं. आधी नुसतं पिवळं दिसतं, मग हळूहळू चेहरे वेगळे व्हायला लागतात. नीरोची जाड मान, व्हेस्पेशियनचं टक्कल आणि पडलेली हनुवटी, हेड्रियनला दाढी. मला हे फार आवडतं की म्हातारा तर म्हाताराच दाखवलाय. देवाच्या रांगेत बसायची तयारी आहे पण टक्कल लपवलेलं नाही. व्हेस्पेशियन तसाही गमत्या माणूस, मरताना म्हणाला म्हणे, ‘अरे अरे, मी देव व्हायला लागलो वाटतं’.

त्याच्याच धाकट्या मुलाची, डोमिशियनची एक मोहोर आहे, ती मात्र बघून मला कसंतरी होतं. त्याचं बाळ लहानपणीच गेलं. पुढे बाळाची आई, मागे बाळ पृथ्वीच्या गोलावर उघडंच बसलंय, दोन्ही हात पसरलेत आणि भोवती सात तारे. लिहिलंय, देव सीझर, सम्राट डोमिशियनचा मुलगा. आता याला कडू_कारलं फ्लेक्स म्हणतील, आणि आहेच तो, मुलगा देव म्हणजे बापाचं वजन वाढलं. पण हात पसरलेलं बाळ ज्याने ठशात उलटं कोरलं असेल त्याच्या डोळ्यांपुढे कुणाचं तरी खरं बाळ असणार असं मला उगाच वाटतं.

कडू_कारलं

बाळाबद्दल काही बोलत नाही. बाकी मत कायम.

साजूक_तूप

अवांतर: रोमन पोरंही छापा-काटा खेळायची म्हणे, फक्त ती ‘डोकी की जहाज’ म्हणायची, कारण जुन्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला दोन तोंडांचा जेनस देव आणि दुसरीकडे जहाजाचं नाक. चालू द्या.

नाणेघाटी

काकांनी सिंहाचं कातडं विचारलं होतं ते राहिलं. तो कोमोडस बादशहा. शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत, १९१-१९२ कडे, त्याने स्वतःला हर्क्युलिस, म्हणजे सिंह मारून त्याचं कातडं पांघरणारा पुराणातला वीर, म्हणवून घेतलं आणि नाण्यावर डोक्यावरून सिंहाचं तोंड ओढलेलं. वर्ष संपता संपता गळा दाबून मारला त्याला. म्हणजे जिवंतपणी देव व्हायची घाई केली की परिणाम वाईट, मेल्यावर सिनेटने ठराव करून देव केलेलं बरं. तशा देव झालेल्यांची वेगळी नाणी असायची, मागे गरुड आत्मा वर नेताना, राण्यांसाठी मोर. अँटोनायनस पायसची बायको फॉस्टिना गेल्यावर तिच्या नावाने किती सोनं पाडलं त्याला हिशोब नाही.

पण माझं सगळ्यात आवडतं वेगळंच आहे. २१८ मध्ये सीरियातल्या एमेसाहून, म्हणजे आत्ताचं होम्स, एक चौदा वर्षांचा पोरगा बादशहा झाला. घराणं पुजाऱ्यांचं. त्यांचा देव एलागाबाल, त्यावरूनच याला एलागाबालस म्हणतात. आणि तो देव म्हणजे मूर्ती नव्हे. एक काळा, वर निमुळता होत गेलेला दगड. आपल्याकडे तांदळा म्हणतो ना, हात-पाय-तोंड नसलेला, तसाच! पोराने तो तांदळा रथात घालून एमेसाहून रोमला आणला आणि ती मिरवणूक सोन्याच्या नाण्यावर आहे. चार घोड्यांचा रथ, रथात दगड, दगडावर गरुड, बाजूला छत्र्या. मी फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला पालखीच आठवली. रोमच्या सरदारांना झिणझिण्या आल्या असणार, कारण त्याने तो दगड ज्युपिटरच्याही वर नेऊन बसवला. २२२ मध्ये पोराला मारलं आणि दगड परत एमेसाला पाठवला. देवाचीसुद्धा बदली.

वसईचा_पाव

तांदळा 👌👌

माझा प्रश्न साधा आहे. आमच्या येशूबाप्पाचा नंबर कधी लागला? शाळेत शिकवलं होतं की कॉन्स्टंटाइनने आकाशात क्रूस बघितला आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं साम्राज्य ख्रिस्ती.

नाणेघाटी

दुसऱ्या दिवसापासून तर नाहीच, आणि पुरावा सोन्यातच आहे. ज्या लढाईआधी तो क्रूस दिसला म्हणतात, ती मिल्व्हियन पुलाची लढाई ऑक्टोबर ३१२ ची. पॅरिसला एक सोन्याचं पदक आहे, नऊ सॉलिडसच्या वजनाचं, जवळजवळ चाळीस ग्रॅम, इटलीतल्या टिसिनमचं, साल ३१३. म्हणजे तुमच्या त्या क्रूसानंतरचं. त्यावर कॉन्स्टंटाइन आहे आणि त्याला चिकटून, गालाशी गाल, सूर्यदेव! डोक्यावर किरणांचा मुकुट. दोघांचं नाक सारखं, हनुवटी सारखी, जुळे भाऊ वाटावेत. ढालीवर पुन्हा सूर्याचा रथ. आणि नाण्यांवरही ‘अजिंक्य सूर्याला, माझ्या सोबत्याला’ असं ३२५ च्या आसपासपर्यंत येत राहिलं.

मध्ये ३१५ मध्ये चांदीच्या पदकावर त्याच्या शिरस्त्राणावर ख्रिस्ताच्या नावाची दोन अक्षरं गुंफलेली दिसतात, पण एवढीशी, बटणाएवढी, शोधावी लागतात. मग सूर्य हळूच जातो आणि नाण्यावर काय येतं तर नजर. कॉन्स्टंटाइनचा चेहरा वर वळलेला, डोळे आकाशाकडे. त्याचा चरित्रकार बिशप युसिबियस म्हणतो, बघा, देवाची प्रार्थना करतोय. पण तशीच वर लागलेली नजर अलेक्झांडरच्या पुतळ्यांची असायची. म्हणजे ख्रिस्ती बघणाऱ्याला प्रार्थना दिसणार, जुन्या वळणाच्या माणसाला अलेक्झांडर. दोघंही खूश, कुणालाच खोटं सांगितलेलं नाही. माझ्या मते रोमच्या टांकसाळीने केलेलं हे सगळ्यात हुशार काम.

मोझेलकाठची_मावशी

+१. आणि पंखवाल्या व्हिक्टरीचं पण सांगा ना.

नाणेघाटी

हो मावशी. विजयाची देवी, व्हिक्टरी, पक्की जुन्या धर्मातली. बाकीचे देव नाण्यांवरून गेले, ही राहिली. ४२० नंतर थिओडोसियस दुसरा याच्या सॉलिडसवर तीच व्हिक्टरी हातात लांब क्रूस घेऊन उभी. मग शंभर वर्षांनी, जस्टिन पहिल्याच्या वेळी, तिचं स्त्रीरूप गेलं, अंगरखा बदलला आणि समोर बघणारा पुरुष देवदूत झाला. पंख तेच. त्यानंतर तोही गेला आणि ५७८ च्या पुढे टायबेरियस दुसऱ्याच्या सॉलिडसवर नुसता पायऱ्यांवर उभा क्रूस.

प्रत्यक्ष ख्रिस्ताचा चेहरा? एका लग्नाच्या नाण्यावर, ४५० मध्ये मार्सियन-पुल्केरियाच्या, तो नवरा-नवरीच्या मध्ये उभा आहे, भटजीबुवांच्या जागी. पण ते खास वाटायचं नाणं. रोजच्या सॉलिडसवर मुख्य बाजूला ख्रिस्त आला तो जस्टिनियन दुसऱ्याच्या वेळी, ६९० च्या दशकात. लांब केस, दाढी, हात आशीर्वादाला, आणि ‘राज्यकर्त्यांचा राजा’ अशी अक्षरं. बादशहा कुठे गेला? मागच्या बाजूला. उभा, हातात क्रूस, आणि बिरुद काय तर ‘ख्रिस्ताचा दास’.

काका, तुमचा छापा-काटा इथे उलटा झाला. सात शतकं बादशहा पुढे आणि देव मागे, आता देव पुढे.

वसईचा_पाव

दास म्हणे. नम्र होता का एवढा?

नाणेघाटी

छे हो. एवढा जाच केला की ६९५ मध्ये लोकांनी पकडून नाक कापलं आणि क्रिमियात हाकलला. नकटा माणूस बादशहा होऊ शकत नाही असा समज. हा दहा वर्षांनी सैन्य घेऊन परत आला, गादीवर बसला, आणि दुसऱ्या खेपेच्या नाण्यांवर ख्रिस्तसुद्धा बदललेला, तरुण, कुरळ्या केसांचा, आखूड दाढीचा.

त्याच काळात शेजारी दमास्कसला खलिफा अब्द अल-मलिक. अरबांकडेही चलनात हेच रोमन सॉलिडस, पायऱ्यांवर क्रूसवाले. त्यांनी आधी काय केलं, नक्कल पाडली आणि क्रूसाची आडवी दांडी काढून टाकली. पायऱ्या तशाच, वर नुसता खांब! मग काही काळ खलिफा स्वतः तलवार घेऊन उभा, आणि ६९६-९७ पासून चित्रच नको, फक्त अक्षरं. नाव मात्र दिनार, म्हणजे रोमन डिनेरियसच. आपल्या गुप्तांच्या शिलालेखांतही दीनार आहेच.

साजूक_तूप

आता भारतात या. काकांचा छिन्नीचा घाव.

सोनेतारण_निवृत्त

सांगतो. तिथल्या पाटीवर तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईच्या साठ्याचं होतं.

नाणेघाटी

हो, १८९८ मध्ये सापडला, ५०१ मोहरा, बहुतेकांवर घाव. भारतातले बहुतेक साठे तमिळनाडू, केरळ, आंध्र-तेलंगण या पट्ट्यातले, मिऱ्याच्या आणि मोत्यांच्या व्यापाराचे. रोमन लेखक थोरला प्लिनी कुरकुरतो की दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमनांचं छोटं नाणं) हिंदुस्थान खेचून घेतो, म्हणजे पाच लाख मोहरांची किंमत, वजनात साडेतीन टनांच्या वर. तो सगळा रोख सोन्यातच यायचा असं समजू नका, आणि प्लिनीला बायकांच्या दागिन्यांवर तोंडसुख घ्यायचं होतं हेही लक्षात ठेवा. आपल्या बाजूला सोनं कमी सापडलं. पण तेरला, म्हणजे जुन्या तगरला, रोमन नाण्यांच्या नकला मातीत केलेल्या सापडल्या आहेत, लटकवायच्या पदकांसारख्या.

घावाबद्दल तज्ज्ञांत वाद आहे. कुणी म्हणतं चलनातून बाद करायला, कुणी म्हणतं आत तांबं आहे का बघायला.

सोनेतारण_निवृत्त

तांबं बघायला नव्हे, हेच माझं मत. कस लावायला किंवा आतलं बघायला सोनार कडेला टोचा मारतो, मधोमध नाही. गिऱ्हाइकाचा माल खराब करायचा नसतो. आणि दहा-पाच संशयित नाणी तपासली तर समजू, चारशेच्या वर नाण्यांवर बरोब्बर डोक्यावरच घाव? काच जवळ होती, मी चष्मा काढून बघितलं, घाव एकच, खोल, कपाळापासून गालापर्यंत, आणि मागच्या बाजूच्या देवीला धक्का नाही. ज्याने मारला त्याला चेहरा कुठला ते दिसत होतं आणि तोच नको होता. आता हा तुमच्या राज्यात चालणार नाही म्हणून मारला की फक्त सोनं म्हणूनच घ्यायचं म्हणून, ते तुम्ही ठरवा.

कडू_कारलं

हे पटलं. पहिल्यांदाच.

साजूक_तूप

आणि ज्यांवर घाव नाही त्यांना भोकं. मी हैदराबादच्या म्युझियममध्ये बघितली होती, डोक्याच्या वर शेजारी शेजारी दोन भोकं, चेहरा सरळ लटकावा म्हणून. म्हणजे कुणाला चेहरा नको होता आणि कुणाला गळ्यात हवा होता.

यावरून आजीची पुतळ्यांची माळ आठवली. पुतळी हे मुळात व्हेनिसच्या डुकाटचं नाव ना आपल्याकडे?

नाणेघाटी

हो! १२८४ पासूनचं नाणं, साडेतीन ग्रॅम, चोख. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला डोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, मध्ये झेंड्याची काठी. दुसऱ्या बाजूला लंबगोलात ख्रिस्त, भोवती तारे. सगळी मांडणी बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याच्या, सॉलिडसच्या घराण्यातली. आपल्याकडे नाण्यावर पुतळ्या दिसल्या म्हणून पुतळी, आणि बायकांना त्यात राम-सीता दिसायचे असं सांगतात. पुढे इथल्याच सोनारांनी नकला पाडल्या. माळ आहे का अजून? फोटो टाका.

साजूक_तूप

आईकडे आहे, आत्ताच फोनवर बोलले. तिने भिंगातून बघून सांगितलं, दोन माणसं आहेत, एक उभा एक वाकलेला, मध्ये काठी. मागे अंड्यात एक जण. अक्षरं म्हणून नुसत्या उभ्या रेघा आहेत, एकही वाचता येत नाही.

सोनेतारण_निवृत्त

म्हणजे इथलीच नक्कल. वजन करायला सांगा, पण माळेतून सोडवू नका, रेशीम जुनं असणार. सगळी माळ तोला आणि पुतळ्या मोजा.

साजूक_तूप

एकोणतीस आहेत काका. आई म्हणते तिसावी माझ्या जन्माच्या वेळी मोडली, दवाखान्याच्या बिलाला.